तळाचा बर्फ

१

आमच्या हाल्लायार्वी गावात बर्फ लोणच्यासारखा मुरवून ठेवतात. हसू नका, खरंच. एप्रिलमध्ये स्कीच्या मैदानावरचा उरलासुरला बर्फ यंत्राने लोटत न्यायचा, मागच्या सावलीत त्याचा मोठा ढीग घालायचा आणि वर लाकडाच्या गिरणीतला भुसा चांगला हातभर जाड पसरायचा. मग अख्खा उन्हाळा तो ढीग तसाच पडून असतो. पोरं त्याच्या पायथ्याशी बसून आइस्क्रीम खातात, बाहेरगावचे पाहुणे विचारतात, इथे एवढा भुसा कुणी टाकला? ऑक्टोबर सरत आला की भुसा ओढून काढायचा. आत बर्फ शाबूत, जाड्या मिठासारखा दाणेदार. तो ट्रॅक्टरने नेऊन तळ्याच्या काठाने आणि जंगलातून गोल पसरला, की झाली मोसमातली पहिली वाट तयार. आभाळातून अजून एक कणही पडलेला नसतो. दोन्ही बाजूंना तपकिरी गवत आणि मधून ही पांढरी पट्टी.

एवढा खटाटोप कशाला, तर पहिल्या वाटेच्या मानासाठी. जे गाव आधी वाट उघडतं तिथे टीव्हीवाले येतात, देशभरचे खेळाडू सरावाला येतात, खानावळी भरतात. आमची चढाओढ तळ्यापलीकडच्या गावाशी. तिथली माणसं तशी चांगली आहेत, पण ऑक्टोबरमध्ये आम्ही एकमेकांचे फोन उचलत नाही.

मी तेल्लेर्वो. इथल्या छोट्याशा रेडिओवर सकाळची बर्फवार्ता माझी. किती पडला, कुठला रस्ता मोकळा झाला, कुणाची गाडी चरात गेली, छपरावरचा बर्फ आजच उतरवा नाहीतर छप्पर बसेल, आणि स्कीच्या वाटा कशा आहेत. वाटांबद्दल ऐकीव सांगायचं नाही, असा माझा हट्ट. मी रोज सकाळी स्वतः एक फेरी मारते आणि मगच माइकसमोर बसते. मला प्रत्येक गोष्ट स्वतः बघायची खोड आहे. आई म्हणायची, या पोरीचं नाक एक दिवस कुठल्यातरी दारात चेंगरणार.

माझा नवरा ऊर्पो निवृत्त होईपर्यंत वाट आखायचं यंत्र चालवायचा. त्याआधी तरुणपणी गिरणीत होता, आणि तिथल्या करवतींनी त्याचे कान खाल्ले. कानात यंत्र घातलं तर त्याला थोडंफार कळतं, तेही भिंतीपलीकडून कुणी बोलावं तसं. एरवी तो माझ्या ओठांकडे बघून समजून घेतो. "सगळ्या पंचक्रोशीला हिची बडबड ऐकावी लागते," असं तो चारचौघांत म्हणतो, "मी एकटा वाचलो." लोक हसतात, मीही हसते. पण एकदा आम्ही दोघंच असताना तो म्हणाला, "तेल्लेर्वो, तुझा आवाज कसा होता ते मला आता आठवत नाही." मी भांडी घासत राहिले.

या वर्षी ऑक्टोबर नको इतका उबदार गेला. ढीग खूप आटला होता, वाट पुरी होईना. एरवी ढिगाच्या तळाचा थर कधी काढत नाहीत, त्यावरच पुढच्या वसंतात नवा ढीग बसतो. त्यामुळे तळाचा बर्फ किती जुना, हे कुणालाच ठाऊक नाही. गावच्या स्की क्लबचा अध्यक्ष तोर्स्ती आमच्या स्वयंपाकघरात बसून म्हणाला, "खरवडून काढू सगळा. पलीकडचे आपल्या नाकावर टिच्चून आधी उघडतील, मग बसू बोंबलत."

ऊर्पोने त्याचे ओठ वाचले आणि मान हलवली. "तळाला हात लावत नाहीत."

"का पण?" मी विचारलं.

"लावत नाहीत म्हणून."

"हे काय उत्तर झालं?"

"मला ज्यांनी काम शिकवलं त्यांनी एवढंच सांगितलं होतं," तो म्हणाला आणि दालचिनीचा पाव कॉफीत बुडवायला लागला. तोर्स्तीने माझ्याकडे बघून डोळा मारला. दुसऱ्या दिवशी तळ खरवडला.

२

तळाचा बर्फ पसरला होता तळ्याकाठच्या वळणापासून जंगलातल्या चढापर्यंत. रंग जरा करडा, आणि स्की त्यावर वेगळी वाजायची. वरच्या बर्फावर खरखर, इथे मात्र अगदी हलका सुस्कारा. मी ते मनात टिपून घेतलं, बातमीत घालायला बरं म्हणून.

पहिल्या सकाळी वाटेवर माझ्याआधी कुणीच गेलेलं नव्हतं. यंत्राने पाडलेल्या दोन खाचा कोऱ्या करकरीत होत्या. त्या खाचांत स्की घालून आपण चालत राहायचं. मागून जास्त वेगाचा कुणी आला की तो ओरडतो, "वाट!" मग पुढच्याने खाच सोडून बाजूला व्हायचं आणि त्याला जाऊ द्यायचं. आमच्याकडे चालायला शिकलेलं पोरसुद्धा हे शिकतं. कोण आहे, मोठा की लहान, ते बघायचं नाही. वाट मागितली की द्यायची.

तळ्याकाठच्या वळणावर मागून आवाज आला. "वाट!"

मी विचारही न करता उजवीकडे झाले, गवतावर. काठ्या रोवून उभी राहिले. मागून येणारा निघून जाण्याची वाट पाहिली. कुणी गेलं नाही.

वळून बघितलं. पांढरी पट्टी रिकामी. तळं गप्प. पलीकडच्या काठावर कुणीतरी होडी उपडी घालत होतं, तेवढाच काय तो आवाज. असेल, पाण्यावरून आवाज लांबून येतात, असं म्हणून मी पुन्हा खाचेत शिरले आणि चार पावलांत थबकले.

पुढच्या कोऱ्या बर्फावर काठ्यांची भोकं होती. दोन्ही बाजूंना, ताजी, कडेचे दाणे अजून सुटत होते. मी माझी काठी एका भोकात घातली. बसली. दोन भोकांमधलं अंतर माझ्या पावलांशी ताडून बघितलं. तेही जुळलं.

घाबरायला हवं होतं, कबूल. पण मला आधी वाटली ती गंमत. मी तिथेच उभी राहून मोठ्याने म्हणाले, "बरं, हे काय आहे नक्की?"

३

मग मला चैन पडेना. दुसऱ्या दिवशी हाक आल्याबरोबर बाजूला झाले आणि झटकन वळले. काही नाही. तिसऱ्या दिवशी मी भुशाची पिशवी बरोबर नेली आणि वळणावर खाचांमध्ये भुसा पेरून ठेवला. हाक आली, मी सरकले. काही क्षण गेले. मग भुसा आपोआप दोन्ही बाजूंना सरला, दाणा दाणा, सावकाश, आणि मधे दोन गुळगुळीत रेघा उमटत माझ्यासमोरून पुढे गेल्या. वारा नव्हता. माझ्या गालाला मात्र थंडी लागली, उघड्या फ्रीजसमोर उभं राहावं तशी.

मी घरी जाऊन तीन कप कॉफी प्यायले. वेडी झालेय का मी? या वयात होतं म्हणतात असं काहीबाही. पण वेड्या माणसाला भुसा सरकलेला दिसेल, त्याच्या गालाला थंडी लागेल का? डोकं हजार कारणं शोधत होतं. बर्फ आतून वितळत असेल. जुन्या बर्फात हवा कोंडलेली असेल, ती सुटत असेल. सगळी कारणं ठीक होती, पण एकही कारण "वाट!" म्हणून ओरडणारं नव्हतं.

चौथ्या दिवशी रेडिओवरचं आवाज टिपायचं यंत्र खिशात घालून गेले. रेकॉर्डिंग घेऊन सरळ मिन्तूकडे आले. मिन्तू म्हणजे आमची ध्वनिमुद्रण सांभाळणारी पोरगी. केस निळे, जीभ धारदार.

"ऐक आणि सांग, कुणाचा आवाज आहे."

तिने कानावर हेडफोन चढवले, ऐकलं, आणि माझ्याकडे बघितलं. "ही परीक्षा आहे का?"

"सांग ना गं."

"अगं, तूच ओरडतेयस. 'वाट!' म्हणून. बातम्या वाचतेस ना, तसल्या गोड आवाजात."

"मी तोंड उघडलं नव्हतं."

"मग पोटातून बोलली असशील," मिन्तू म्हणाली. मी हसले नाही तेव्हा तिने हेडफोन पुन्हा कानाला लावले. दुसऱ्यांदा ऐकताना तिचा हात हळूच बटणाकडे गेला आणि तिने ते बंद केलं. "नको हे इथे ठेवायला," ती म्हणाली. "का माहीत नाही. नको."

४

त्या आठवड्यात बाहेरचे संघ सरावाला आले होते. गुरुवारी त्यांनी आपसांत एक चाचणी शर्यत ठेवली. त्यात आत्ते नावाचा विशीतला मुलगा होता, लांब मानेचा, कानात सतत गाणी. मी शेवटच्या रेषेजवळ माइक घेऊन उभी होते.

आत्ते सगळ्यांच्या कितीतरी आधी आला. टोपी भुवयांपर्यंत ओढलेली, मान खाली, श्वास लागलेला नाही. पायाला बांधलेल्या पट्टीने वेळ नोंदवली आणि त्याचा प्रशिक्षक वेड्यासारखा नाचायला लागला. आत्तेने कुणाशी हात मिळवला नाही. तो कपडे बदलायच्या खोलीत निघून गेला.

बाकीचे सगळे येऊन, गरम रस पिऊन झाले. तेव्हा आत्ते जंगलातून आला.

स्की खांद्यावर, बूट चिखलाने भरलेले, आणि रडत होता. विशीतला मुलगा, हमसून हमसून. प्रशिक्षक म्हणाला, "तू परत कशाला गेला होतास तिकडे?" आत्ते म्हणाला, "मी आलोच नाहीये अजून." पट्टी त्याच्या पायाला तशीच होती. कपडे बदलायच्या खोलीत जाऊन बघितलं, तिथे कुणी नव्हतं. फरशी मात्र ओली होती.

दुसऱ्या दिवशी बातमीत आलं, वेळ मोजायच्या पट्टीत बिघाड. ती बातमी मीच वाचली. लोकांनी डोळ्यांनी माणूस बघितला होता, त्याबद्दल कुणी अक्षर काढलं नाही. दोन मुलं सारखी दिसतात, टोप्या सारख्या असतात, असं सगळ्यांनी आपापल्या मनाशी ठरवून टाकलं.

५

मी आत्तेला गाठलं ते खानावळीत. तो समोर बटाट्याचं सूप घेऊन बसला होता, खात नव्हता.

"तुला वाट मागितली होती का कुणी?" मी सरळच विचारलं. "तळ्याच्या वळणानंतर?"

त्याने चटकन वर बघितलं. "तुला कसं माहीत?"

"मलाही मागतात. तू दिलीस का?"

"नाही." तो चमचा फिरवत राहिला. "कानात गाणं होतं, तरी नीट ऐकू आलं. आधी वाटलं मीच बोललो. माझाच आवाज. तीनदा. म्हटलं कोण साला माझी टिंगल करतोय, मरू दे, शर्यत आहे, मी कशाला सरकू?"

"मग?"

"मग काही नाही. थंडी वाजली, आत, पोटात. आणि पुढे कुणीतरी दिसलं. माझी पाठ." त्याने सूप बाजूला सारलं. म्हणाला, "आई फोनवर म्हणते, जेवलास का, झोपलास का. पण माझं उत्तर ऐकायला थांबत नाही. जणू तिला ते आधीच मिळालंय. आणि सर माझ्याशी बोलतात ना, तेव्हा माझ्या मागे बघतात. बघ ना, तूही तेच करतेयस."

मी दचकले. कारण खरंच, मी त्याच्या खांद्यामागच्या खिडकीकडे बघत होते.

आता मला पुरेसं कळलं होतं. म्हणजे काहीच कळलं नव्हतं, पण एवढं पक्कं: ते वाट मागतं. दिली तर निघून जातं. नाही दिली तर आपल्या जागी आपल्याआधी पोचतं. माझं कुतूहल तिथेच थांबलं असतं तर बरं झालं असतं, पण थांबायला आता उसंत नव्हती. रविवारी वाट सर्वांसाठी उघडणार होती, आणि उद्घाटनाची पहिली फेरी ऊर्पोची होती. दरवर्षी असते. टीव्हीवाले येणार होते.

ऊर्पोला ऐकू येत नाही. स्की करताना तो कानातलं यंत्र काढून ठेवतो, टोपीखाली ते शिट्टी मारतं म्हणून. मागून कुणी कितीही ओरडलं तरी त्याला कळायचं नाही. लोकांना हे माहीत आहे, ते बाजूने निघून जातात. ते जे काही होतं, त्याला हे माहीत असेल का?

६

तोर्स्तीला सांगितलं. तो म्हणाला, "तेल्लेर्वो, तुला सुट्टीची गरज आहे. उन्हाच्या देशात जा, वाळूत लोळ."

"निदान तळाच्या बर्फाचा तुकडा बंद कर."

"मग गोल कसा पुरा होणार? टीव्हीवर काय दाखवू, अर्धी वाट? पलीकडचे हसून हसून मरतील."

ऊर्पोला सांगणं आणखी अवघड. मी त्याच्यासमोर बसले, त्याचा चेहरा दोन्ही हातांनी माझ्याकडे वळवला, आणि सगळं सांगितलं. हाक, भुसा, आत्ते. तो माझ्या ओठांकडे बघत राहिला, शांतपणे, शेवटपर्यंत.

"झालं?" तो म्हणाला.

"झालं. उद्या जाऊ नकोस."

"अगं, मी आयुष्यात कुणाला वाट दिलेली नाही. यंत्र घेऊन जायचो तेव्हा जगच बाजूला व्हायचं. आता भुताला देऊ?"

"चेष्टा करू नकोस, ऊर्पो. मला भीती वाटतेय."

त्याने मला हे दोनदा म्हणायला लावलं, कारण पहिल्यांदा त्याला वाटलं की आपण ओठ चुकीचे वाचले. मी कधी भीतीचं नाव काढलेलं त्याला माहीत नव्हतं. त्याने माझा हात धरला. "हे बघ, दोन वर्षांनी गुडघे मला घरी बसवतील. मग मी खिडकीत बसेन आणि तू मला बर्फ कसा आहे ते सांगशील, आणि मला ते ऐकूही येणार नाही. एवढी फेरी राहू दे."

मी म्हणाले, "बरं. पण मी तुझ्या मागे असेन. अगदी मागे."

"ये की," तो म्हणाला. "टीव्हीवर जोडीने दिसू."

७

रविवारी आभाळ पांढरट होतं, उजेड होता पण सावल्या नव्हत्या. मैदानावर बरीच गर्दी, लाउडस्पीकरवर आमचाच रेडिओ, सॉसेज भाजल्याचा वास. मिन्तूला सांगून ठेवलं, मी बर्फवार्तेला वेळेवर आले नाही तर गाणं लाव. ती निवेदकाच्या काचेच्या खोलीत बसली होती. तिने अंगठा वर केला.

ऊर्पो निघाला. मी त्याच्या मागे, दोन स्कींचं अंतर ठेवून. त्याची रुंद पाठ, निळं जाकीट, कॉलरपाशी उसवलेला दोरा. मैदानातले लोक टाळ्या वाजवत होते. त्या त्याला दिसत होत्या, म्हणून त्याने काठी उंचावली. मग आम्ही झाडांत शिरलो आणि तळ्याकाठी आलो.

वळण संपलं. माझ्या स्कींचा आवाज बदलला, खरखर गेली आणि सुस्कारा सुरू झाला.

"वाट!"

हाक लांबून होती. माझा उजवा पाय आपोआप उचलला गेला. लहानपणापासूनची सवय, हाडांत भिनलेली. मी तो पुन्हा खाचेत दाबला. मी सरकले तर ते पुढे ऊर्पोपर्यंत जाणार. त्याला मागणार, तो ऐकणार नाही, तो देणार नाही. तेव्हा मी सरकायचं नाही. इतकं सोपं होतं ते. गंमत म्हणजे त्या क्षणीसुद्धा माझ्या मनाचा एक कोपरा म्हणत होता, आता कळेल, आता कळेल.

"वाट!" जवळ आलं. माझाच आवाज. एवढा गोड मी घरात कधी बोलत नाही.

मी ओरडले, "देणार नाही!" ऊर्पोची पाठ तशीच हलत राहिली, डावीकडे, उजवीकडे. त्याला काय कळणार? मला त्याची इतकी माया आली की मी काठ्या आणखी जोरात रोवल्या.

मग माझ्या कानाशी, अगदी हळू, कुणी गुपित सांगावं तसं: "वाट."

मी खाली बघितलं. माझ्या दोन्ही बुटांच्या बाजूंनी, मागून पुढे, स्कींची टोकं येत होती. हळूहळू, माझ्याच खाचेतून, माझ्याच स्कींमधून, जणू माझ्या स्की तिथे नव्हत्याच. डाव्या टोकावर लाल चिकटपट्टी होती. माझ्या डाव्या स्कीवर आहे तशी. गेल्या वर्षी ती तडकली तेव्हा ऊर्पोने गुंडाळलेली, कोपरा दुमडून.

पोटात थंडी शिरली. दुखलं नाही. फक्त कुणीतरी दार उघडं टाकून गेल्यासारखं वाटलं. क्षणभर डोळ्यांसमोर नुसतं पांढरं होतं. ते निवळलं तेव्हा मला समोर एक लाल टोपी दिसली, राखाडी वेणी, आणि जाकीट माझं. माझी पाठ मी याआधी कधी बघितली नव्हती. ती ऊर्पोच्या मागे होती, अगदी मागे, जिथे मी असायला हवं होतं.

तिने हाक मारली. आणि ऊर्पो, ज्याला कित्येक वर्षांत कुणाचीच हाक ऐकू आली नव्हती, खाच सोडून बाजूला झाला.

८

मी त्याच्यापाशी पोचले तेव्हा तो गवतावर उभा होता, टोपी कानांवरून मागे सारलेली. जिवंत, धडधाकट, गाल लाल. मी त्याच्या गळ्यातच पडले. वाचला, एवढंच माझ्या डोक्यात होतं. दिली याने वाट, वाचला.

"ऐकू आलं मला," तो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. "यंत्राशिवाय! लख्ख! मला म्हणालीस, सरक रे बाबा. तुझा आवाज असा होता होय! विसरलोच होतो मी."

"ती मी नव्हते. ऊर्पो, इकडे बघ."

त्याने बघितलं, पण ओठांकडे नाही. इतक्या वर्षांत मी त्याच्याशी बोलत असताना त्याची नजर माझ्या ओठांवर नाही असं कधी झालं नव्हतं. ती आता वाटेवर होती, जिथे काठ्यांची ताजी भोकं चढावरून पुढे गेली होती. "किती भरभर गेली," तो म्हणाला. "या वयात!" आणि माझे हात त्याने गळ्यातून हलकेच सोडवले, झाडाची फांदी बाजूला करावी तसे, आणि निघाला.

मी त्याच्या मागे धावले. स्की जड झाल्या होत्या, खाचेत बसत नव्हत्या. जंगल संपलं, मैदान दिसायला लागलं. मिन्तूने गाणं लावलेलं नव्हतं. लाउडस्पीकरवर बर्फवार्ता चालू होती.

"वाट सुरेख आहे," माझा आवाज सगळ्या मैदानावर घुमत होता. "मी आत्ताच फेरी मारून आले. तळ्याकाठचा बर्फ तर काय सांगू! या, सगळ्यांनी या. पोरांना घेऊन या."

आणि लोक निघाले होते. आया लहानग्यांच्या बुटांचे बंद बांधत होत्या. टीव्हीचा कॅमेरा माझ्या अंगावरून फिरून पुढे गेला. काचेच्या खोलीत मिन्तूचे निळे केस दिसत होते. ती भिंतीला पाठ लावून उभी होती, हाताने तोंड दाबून. तिच्या शेजारी, वाफ धरलेल्या काचेमागे, लाल टोपी माइककडे झुकलेली होती.

ऊर्पो मैदानाच्या मधोमध थांबला. लाउडस्पीकरकडे मान वर करून त्याने डोळे मिटले. मी त्याला इतकं सुखात कधी पाहिलं नव्हतं. मग त्याने स्की काढल्या, बाजूला ठेवल्या, आणि त्या खोलीकडे चालायला लागला.

"ऊर्पो!" मी ओरडले. "जाऊ नकोस! अरे, मी इथे आहे!"

मी पुन्हा पुन्हा ओरडले, घसा फुटेपर्यंत. त्याने दाराच्या कडीला हात घातला. माझ्या हाका त्याला कित्येक वर्षांत ऐकू आलेल्या नव्हत्या.